कॅबेज व्हाइट फुलपाखरू कसे शोधावे आणि कसे ओळखावे

पांढऱ्या फुलपाखरांची पंचाईत अशी की दहा पावलांवरून ती सगळी सारखीच दिसतात. उडत असताना त्यांच्या पंखांवरचे ठिपके पुसट होतात, आकाराचा अंदाज चुकतो, आणि आपल्या हाती फक्त ‘काहीतरी पांढरे गेले’ एवढेच उरते. नवशिक्याचे सगळे लक्ष रंगावर असते; पण या कुळात रंग हा ओळखीचा सर्वांत दुबळा पुरावा आहे. या मार्गदर्शिकेत जगातल्या बहुधा सर्वांत सहज दिसणाऱ्या पांढऱ्या फुलपाखराचा, म्हणजे कॅबेज व्हाइटचा विचार केला आहे. यालाच स्मॉल व्हाइट असेही म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव पायेरिस रापी असून लिनीअसने १७५८ साली त्याची शास्त्रीय नोंद केली.

ही प्रजाती मूळची युरोप, उत्तर आफ्रिका आणि आशियाच्या समशीतोष्ण भागांतली. १८६० च्या सुमारास ती कॅनडातील क्विबेकमध्ये पोहोचली आणि पुढच्या काही दशकांत उत्तर अमेरिकाभर पसरली. १९३० साली न्यूझीलंडमध्ये आणि त्याच दशकात ऑस्ट्रेलियातही ती आढळली. हा सगळा प्रवास तिने माणसाच्या भाजीपाल्याच्या जोडीने केला. त्यामुळे तिचा शोध घेण्याची सोपी रीतही तीच आहे: फुलपाखराच्या मागे धावू नये, त्याच्या खाद्य वनस्पतीपाशी जाऊन थांबावे. आधी वनस्पती, मग मादीची वागणूक, मग मागच्या पंखाची खालची बाजू आणि शेवटी पुढच्या पंखाचे टोक, या क्रमाने गेल्यास ओळख सहसा फसत नाही.

कॅबेज व्हाइटच्या अळ्या मोहरीच्या कुळातील वनस्पतींवर वाढतात. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल, मुळा आणि मोहरी ही त्यांतली लागवडीची मंडळी. पण रानात शोधायचे असेल तर याच कुळातील तणे ओळखता आली पाहिजेत. चार पाकळ्यांची, क्रुसासारखी मांडणी असलेली लहान पिवळी किंवा पांढरी फुले, त्यांच्याखाली दांड्यावर ओळीने धरलेल्या बारीक शेंगा, आणि पान चुरगळल्यावर नाकाला जाणवणारा मोहरीचा तिखट वास, एवढ्या खुणा पुरेशा आहेत. हा तिखटपणा ग्लुकोसिनोलेट नावाच्या संयुगांमुळे येतो. बहुतेक कीटकांना तो नकोसा असतो, मात्र या फुलपाखराच्या मादीला नेमका त्याच्यामुळेच पानाचा पत्ता लागतो. नॅस्टर्शियम ही बागेतली वेल वेगळ्या कुळातली असूनही तिच्यात हीच संयुगे असल्यामुळे तिच्यावरही अंडी घातली जातात. म्हणून शेताचे बांध, सोडून दिलेले भाजीचे वाफे, नदीकाठची मोकळी माती, रेल्वेमार्गाच्या कडा, नुकतीच उकरलेली पडीक जागा अशी ठिकाणे आधी पाहावीत. दाट सावलीच्या जंगलात तासन्‌तास फिरण्यात अर्थ नाही.

अळीचे खाद्य आणि प्रौढ फुलपाखराचे खाद्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रौढ फुलपाखरू मध पिते आणि त्यासाठी ते जांभळ्या, निळ्या व पिवळ्या अशा अनेक फुलांवर जाते; लव्हेंडर, क्लोव्हर, डँडेलियन यांच्यावर ते हमखास दिसते. ज्या जागी मोहरीवर्गीय वनस्पती, मधाची फुले, ऊन आणि वाऱ्यापासून आडोसा या चारही गोष्टी थोड्या अंतरात एकत्र येतात, ती जागा निवडावी. जवळपास ओलसर चिखल असेल तर त्याकडेही लक्ष ठेवावे, कारण नर तिथे क्षार शोषण्यासाठी बसतात आणि अशा वेळी ते बराच काळ हलत नाहीत.

वेळ निवडताना ऊन महत्त्वाचे. ढगाळ किंवा गारठलेल्या हवेत हे फुलपाखरू पानांच्या आड बसून राहते. ऊन पडून हवा तापली की उडू लागते. सकाळी उडण्याआधीची थोडी वेळ निरीक्षकासाठी फार मोलाची असते, कारण तेव्हा ते पंख अर्धवट उघडून उन्हात बसते. पंखांचा पांढरा पृष्ठभाग ऊन शरीराकडे परावर्तित करतो आणि बुडाशी असलेली काळसर पूड उष्णता शोषते. या क्षणी वरची बाजू निवांत पाहता येते. एरवी बसताना ते पंख बहुधा पाठीवर मिटून घेते. हंगामाच्या बाबतीत वर्षाची पहिली फुलपाखरे वसंत ऋतूच्या सुरुवातीला, अनेकदा इतर प्रजातींच्या आधी बाहेर पडतात आणि शरद ऋतूपर्यंत पिढ्यांमागून पिढ्या येत राहतात. थंड प्रदेशांत वर्षाला दोन-तीन आणि उबदार प्रदेशांत त्याहून बऱ्याच जास्त पिढ्या होतात. कॅलिफोर्नियातील कीटकशास्त्रज्ञ आर्थर शपिरो यांनी १९७२ पासून आपल्या परिसरातील वर्षाचे पहिले कॅबेज व्हाइट पकडून आणणाऱ्याला बिअर देण्याची स्पर्धा सुरू केली होती, आणि बहुतेक वर्षी ती त्यांनी स्वतःच जिंकली. त्यात नशिबाचा भाग थोडाच असावा. कोणती भिंत उन्हाकडे तोंड करून आहे आणि तिच्या पायथ्याशी कोणते तण उगवते, हे त्यांना ठाऊक होते.

जागेवर पोहोचल्यावर काही वेळ नुसते उभे राहावे. या प्रजातीचा नर गस्त घालतो: जमिनीपासून गुडघा ते कंबर या उंचीवरून, सरळ रेषेत कधीच न जाता, वरखाली हेलकावत तो वनस्पतींवरून फिरतो आणि वाटेत बसलेल्या प्रत्येक पांढऱ्या फुलपाखराकडे वळून खात्री करून घेतो. मादीचे उडणे वेगळे असते. ती पानापानाशी घुटमळते, एखाद्या पानावर क्षणभर टेकते, उठते, पुन्हा शेजारच्या पानावर टेकते. दुर्बिणीतून किंवा दोन-तीन पावलांवरून पाहिले तर पानावर टेकताच तिचे पुढचे पाय पृष्ठभागावर भराभर आपटताना दिसतात. पायांवरील चवग्राहकांनी ती पानाची चव घेत असते. पान पसंत पडले तर ती कडेला सरकून पोट पानाखाली वळवते, एक अंडे चिकटवते आणि लगेच उडून जाते. हे सगळे काही सेकंदांत उरकते. ती गेल्यावर ते पान हलक्या हाताने उलटून पाहावे. तिथे सुमारे १ मिलिमीटर उंचीचे, बुडाशी फुगीर आणि टोकाकडे निमुळते, उभ्या कडांनी रेखलेले एक फिकट अंडे उभे असेल, आणि त्याच्या शेजारी दुसरे नसेल, तर ओळखीचे अर्धे काम झाले. सुरुवातीला हे अंडे दुधाळ पांढरे असते, पुढे पिवळसर होत जाते.

आणखी एक दृश्य वारंवार दिसते आणि त्याचा अर्थ माहीत नसला तर बुचकळ्यात टाकते. पानावर बसलेली मादी अचानक पंख पूर्ण पसरते आणि पोट जवळजवळ काटकोनात वर उचलते, आणि तिच्याभोवती एक नर फडफडत असतो. हे आमंत्रण नसून नकार आहे. आधीच मीलन झालेली मादी अशा स्थितीत नराला जवळ येऊ देत नाही. तो हटला नाही तर ती सरळ वर उडते आणि दोघे गिरक्या घेत उंच जातात. लिंग ओळखण्यासाठी आणि मादीच्या पंखांची वरची बाजू पाहण्यासाठी यासारखी संधी नाही.

फुलपाखराजवळ जाताना आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नये आणि हालचाल मागून न करता खालच्या पातळीवरून, सावकाश करावी. जाळी वापरण्याची गरज मला तरी वाटत नाही, कारण पंखांवरची पूड, म्हणजेच खवले, हाताळताना झडतात आणि ओळखीच्या खुणा त्याच पुडीत असतात. छायाचित्र मात्र जरूर घ्यावे. पांढऱ्या विषयाचे छायाचित्र घेताना कॅमेरा फसतो आणि पंख नुसते चमकदार पांढरे उमटतात. फिकट पिवळी छटा व राखी ठिपके नाहीसे होतात. म्हणून एक्स्पोजर थोडे कमी करावे. एकाच सुंदर चित्राच्या नादी न लागता वरची बाजू, खालची बाजू आणि ज्या वनस्पतीवर ते बसले तिचे पान, अशी तीन साधी चित्रे घेतली तर ओळख पटवताना ती अधिक उपयोगी पडतात.

आता खुणांकडे वळू. पंख मिटलेले असतील तर मागच्या पंखाची खालची बाजू समोर येते आणि बहुतेक वेळा निर्णय तिथेच होतो. कॅबेज व्हाइटमध्ये ही बाजू फिकट पिवळी असते आणि तिच्यावर बारीक काळसर पूड एकसारखी भुरभुरलेली दिसते. पंखाच्या शिरा रंगाने उठून दिसत नाहीत. शिरांच्या दोन्ही बाजूंना हिरवट-राखी पट्टे दिसले तर ते ग्रीन-व्हेन्ड व्हाइट, म्हणजे पायेरिस नापी. हा हिरवा रंग खरा नसतो. पिवळे आणि काळे खवले शेजारी शेजारी आल्यामुळे डोळ्याला तो भास होतो. येथे एक सापळा आहे. ग्रीन-व्हेन्ड व्हाइटच्या उन्हाळी पिढीत हे पट्टे बरेच पुसट होतात, आणि अशा वेळी जुन्या, झिजलेल्या पंखांच्या फुलपाखराबद्दल ठाम बोलणे अवघड होते. तरीही शिरेलगतची पूड थोडी जरी दाट वाटली तर नोंद करण्यापूर्वी दुसरे फुलपाखरू शोधावे.

पंख उघडे असतील तर पुढच्या पंखाचे टोक आणि ठिपके पाहावेत. टोकाला राखी-काळा डाग असतो. कॅबेज व्हाइटमध्ये हा डाग पंखाच्या वरच्या कडेने आत पसरतो, पण बाहेरच्या कडेने फारसा खाली उतरत नाही. लार्ज व्हाइट, म्हणजे पायेरिस ब्रासिकी, या मोठ्या भावंडात तोच डाग अधिक गडद असून बाहेरच्या कडेने जवळजवळ मध्यापर्यंत खाली येतो. या एका खुणेवर मी आकारापेक्षा कितीतरी अधिक विसंबतो. कॅबेज व्हाइटचा पंखविस्तार साधारण ४ ते ५ सेंटिमीटर आणि लार्ज व्हाइटचा ६ सेंटिमीटरच्या आसपास असतो, हे खरे. परंतु अळीपणी उपासमार झालेले लार्ज व्हाइट खुजे निघते, आणि शेजारी तुलनेला दुसरे नसताना डोळ्यांनी केलेला आकाराचा अंदाज भलताच निघू शकतो.

ठिपक्यांवरून लिंग कळते. वरच्या बाजूला पुढच्या पंखावर नराला एक आणि मादीला दोन काळे ठिपके असतात. याशिवाय मादीत मागच्या कडेला एक आडवी काळसर रेघही असते, आणि तिचा रंग किंचित पिवळट असतो. हा नियम फक्त वरच्या बाजूला लागू होतो. खालच्या बाजूला नर आणि मादी या दोघांनाही दोन ठिपके असतात, त्यामुळे पंख मिटून बसलेल्या नराला सर्रास मादी ठरवले जाते. दोन्ही लिंगांत मागच्या पंखाच्या वरच्या कडेवरही एक छोटा ठिपका असतो. वसंतातल्या पहिल्या पिढीत या सगळ्या खुणा फिकट असतात, आणि काही नरांमध्ये तर टोकाचा डाग व ठिपका जवळजवळ दिसतच नाही. उन्हाळ्यातल्या पिढ्यांत त्या गडद होतात. त्यामुळे पुस्तकातल्या चित्राशी तंतोतंत जुळले नाही म्हणून वेगळी प्रजाती गाठली असा समज करून घेऊ नये.

प्रदेश बदलला की गोंधळाची पात्रेही बदलतात. हिमालयापासून पूर्व आशियापर्यंत पायेरिस कॅनिडिया, म्हणजे इंडियन कॅबेज व्हाइट, विपुल आहे. त्याच्या पुढच्या पंखाचा काळा डाग बाहेरच्या कडेने खाली उतरतो, त्याची आतली बाजू दातेरी असते, आणि मागच्या पंखाच्या कडेवर काळ्या ठिपक्यांची ओळ असते. ही ओळ दिसली की वाद संपला. दक्षिण युरोपातली पायेरिस मॅनी ही प्रजाती अलीकडच्या काळात उत्तरेकडे सरकली आहे. तिच्या टोकाचा डाग कॅबेज व्हाइटपेक्षा अधिक खाली येतो, पण फरक इतका बारीक असतो की स्वच्छ छायाचित्राशिवाय निर्णय देऊ नये.

बाकीची पांढरी फुलपाखरे तुलनेने लवकर बाजूला काढता येतात. ऑरेंज-टिपच्या मादीला केशरी टोक नसल्याने ती फसवते, पण तिच्या मागच्या पंखाखाली हिरव्या रंगाची चितारी असते. पॉन्टिया गटातील फुलपाखरांच्या पंखांवर चौकटीसारखे काळे डाग विखुरलेले असतात. ब्लॅक-व्हेन्ड व्हाइटला ठिपकेच नसतात, फक्त काळ्या शिरा असतात. वुड व्हाइट अगदी नाजूक, पंखांच्या गोल टोकांचे आणि रेंगाळत उडणारे असते. ब्रिमस्टोनची मादी हिरवट छटेची असून मिटलेल्या पंखांनिशी पानासारखी दिसते. मार्बल्ड व्हाइट तर नावातच पांढरे आहे. ते वेगळ्या कुळातले आहे. उष्ण प्रदेशांत अनेक इतर पांढरी फुलपाखरे भाज्यांवरून उडत जातात, तेव्हा केवळ कोबीच्या वाफ्यावर दिसले म्हणून त्याला कॅबेज व्हाइट म्हणू नये. वर सांगितलेल्या खुणा तिथेही तपासाव्यातच. दिवसा उडणाऱ्या पांढऱ्या पतंगांचा संशय आला तर शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशांसारख्या दोन काड्या, पाहाव्यात: फुलपाखराच्या शृंगिकेच्या टोकाला स्पष्ट गाठ असते.

प्रौढ फुलपाखरू हुलकावणी देत असेल तर त्याच्या आधीच्या अवस्था शोधाव्यात. माझ्या मते तो मार्ग अधिक भरवशाचा आहे, कारण अळी उडून जात नाही. लार्ज व्हाइटची मादी पिवळी अंडी पुंजक्याने, एका ठिकाणी अनेक डझन घालते, आणि तिच्या राखी-पिवळ्या, काळ्या ठिपक्यांच्या अळ्या घोळक्याने उघड्यावर पाने फस्त करतात. कॅबेज व्हाइटचे अंडे एकटे आणि अळीही एकटी. हा फरक किती उपयोगी पडतो याचे उदाहरण न्यूझीलंडमधले आहे. तिथे २०१० साली नेल्सन शहरात लार्ज व्हाइट आढळले आणि देशातील दुर्मीळ मोहरीवर्गीय वनस्पतींना असलेला धोका ओळखून त्याचे निर्मूलन हाती घेण्यात आले. कॅबेज व्हाइट तिथे आधीपासून सर्वत्र असल्याने दोघांत गल्लत होणे साहजिकच होते. म्हणून नागरिकांना अंड्यांचे पुंजके आणि अळ्यांचे घोळके शोधायला सांगितले गेले. २०१३ साली शाळेच्या सुटीत मुलांना प्रत्येक लार्ज व्हाइटमागे १० डॉलर बक्षीसही जाहीर झाले होते. पुढे ही मोहीम यशस्वी ठरली.

कॅबेज व्हाइटची अळी शोधण्यासाठी आधी पानांवरची गोल भोके आणि त्यांच्याखाली साचलेली ओलसर हिरवी विष्ठा पाहावी. ताजी विष्ठा दिसली की अळी त्याच पानाच्या वरच्या भागात असते. बहुतेक वेळा ती मुख्य शिरेला समांतर, अंग ताणून पडलेली असते आणि रंगाने पानात इतकी मिसळून जाते की नजर तिच्यावरून दोनदा फिरूनही ती दिसत नाही. पूर्ण वाढलेली अळी अडीच ते तीन सेंटिमीटर लांब, मखमली हिरवी असते. पाठीवरून एक बारीक पिवळी रेघ जाते आणि दोन्ही बाजूंना श्वासरंध्रांच्या ओळीत पिवळे ठिपके असतात. ग्रीन-व्हेन्ड व्हाइटच्या अळीच्या पाठीवर ही रेघ नसते. भिंग असेल तर अळीच्या अंगावरच्या आखूड केसांकडे जरूर पाहावे. काही केसांच्या टोकाला तेलकट द्रवाचा स्वच्छ थेंब लटकत असतो. हा द्रव मुंग्यांना अळीपासून दूर ठेवतो. कोबीच्या गड्ड्यात शिरलेल्या मोठ्या अळ्या बाहेरून दिसत नाहीत, तेव्हा आतली एक-दोन पाने अलगद वाकवून पाहावी लागतात.

हिवाळ्यात ही प्रजाती कोषावस्थेत असते. दिवस लहान होऊ लागले की त्या काळात वाढलेल्या अळ्यांचे कोष लगेच न उमलता सुप्तावस्थेत जातात आणि वसंतापर्यंत तसेच राहतात. अशा कोषांसाठी वनस्पतीपासून थोड्या अंतरावरची कुंपणे, भिंतींच्या वळचणी आणि झाडांची खोडे धुंडाळावीत. कोष शेपटीकडून चिकटलेला आणि कमरेभोवती रेशमी धाग्याच्या एका वळशाने आवळलेला असतो. रंग मागच्या पृष्ठभागाप्रमाणे हिरव्यापासून तपकिरीपर्यंत बदलतो. कोषाच्या अंगावर एखादे बारीक, स्वच्छ गोल भोक दिसले तर त्यातून फुलपाखरू निघालेले नाही; टेरोमॅलस प्युपॅरम या परोपजीवी गांधीलमाशीची पिल्ले आतून कोष खाऊन त्या भोकातून बाहेर पडली आहेत. फुलपाखरू बाहेर पडते तेव्हा कोष डोक्याकडच्या बाजूने उसवतो आणि मागे पातळ, पारदर्शक टरफल उरते.

नोंद करताना तारीख, ठिकाण, हवामान, फुलपाखराची अवस्था आणि वनस्पती लिहावी, आणि मागच्या पंखाची खालची बाजू प्रत्यक्ष पाहिली की नाही हेही लिहावे. ती पाहता आली नसेल आणि टोकाचा डागही स्पष्ट दिसला नसेल, तर ‘पायेरिस, प्रजाती अनिश्चित’ अशीच नोंद ठेवावी. पुढे ती नोंद वापरणाऱ्या अभ्यासकाच्या दृष्टीने अंदाजाने भरलेल्या नावापेक्षा ती जास्त कामाची असते.